बिनसाखरेचा चहा

गोडखाऊ बहिणीचा चहा उकळत होता आणि गवंडी भाऊ डब्यातली शेवटची साखर वाटीत ओतून त्यात तेल घालत होता.

"दादा, माझ्या चहाची साखर आहे ती."

त्याने ती तळहातांवर चोळायला घेतली. त्याने गिलावा केलेली भिंत लोण्यासारखी, पण हात मात्र खडीसारखे.

"या वयात कुणाला दाखवायचेत मऊ हात?" ती हसली.

हात धुऊन, पुसून तो खाली बसला. छोटी लेक कंगवा आणि रिबिनी घेऊन आली, त्याच्याकडे पाठ करून बसली आणि सवयीने तिने डोळे घट्ट मिटून घेतले. दोन्ही वेण्या घालून झाल्यावरच ते उघडले.

"बाबा, आज तुमच्या बोटांत एकपण केस अडकला नाही."

चहा गाळता गाळता बहीण म्हणाली, "उद्या येताना दोन किलो साखर आणते. मला चहात तशी नकोच असते."