नऊ टोप्यांचा कॅचर

बारा वर्षांत नऊ बेसबॉल टीमच्या टोप्या घातलेला ड्वेन राखीव कॅचर होता, म्हणजे पिचरने टाकलेले चेंडू मागे बसून झेलणारा. मुख्य कॅचरचे गुडघे बोलायला लागले की याची आठवण व्हायची. आज मॅचच्या शेवटी कोचने त्याच्या हातात बॅट दिली आणि हळूच म्हणाला, "ठोकलंस तर राहशील, म्हाताऱ्या. नाहीतर उद्या दहावी टोपी शोध."

समोर चेंडू टाकायला दुसऱ्या टीमचा पिचर रफाएल. खालच्या लीगमध्ये ड्वेनने तीन वर्षं त्याचेच चेंडू झेलले होते, त्यामुळे त्याची खोड याला पाठ होती: कोंडीत सापडला की गडी चेंडू वळवणारच. बघता बघता दोन चेंडू हुकले, दोन स्ट्राइक झाले. आता तिसरा झाला की बाद, आणि मॅचही गेली. ड्वेन श्वास रोखून त्या वळणाऱ्या चेंडूची वाट बघत राहिला.

चेंडू आला तो नाकासमोर, सरळ. बॅट खांद्यावरून हललीसुद्धा नाही. तिसरा स्ट्राइक, मॅच संपली.



रफाएल धावत येऊन त्याच्या गळ्यात पडला, "उस्ताद, तीन वर्षं बोंबलायचास ना, 'अडलास की सरळ टाक, गाढवा'? आज ऐकलं बघ तुझं!"