केसभर मंद

"पुन्हा मागं पडून राह्यलं, नरहरराव." सत्यशीलाबाईंनी रुमालाची घडी उलगडून घड्याळ काउंटरवर ठेवलं. "रोज तीन मिनिटं."

"बघतो," नरहर म्हणाला आणि त्याने मान खाली घातली. घड्याळ मागं का पडतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ते शहाण्णव साल. अंबडच्या बसस्टँडसमोरच्या त्याच्या दुकानात सगळी सेलची घड्याळं यायची. जुना सेल काढायचा, नवा घालायचा, त्यात कसलं आलंय कसब? पण बाईंच्या वडिलांचं हे घड्याळ चावीचं, सोन्याचं, स्वित्झर्लंडचं. एकावर एक ठेवलेल्या दोन-तीन नाण्यांइतकं पातळ. पांढऱ्या तबकडीवर दोनच काटे, मिरवणं म्हणून नाही. खरी श्रीमंती झाकणाच्या आत. जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथल्या यंत्राच्या पट्ट्यांच्या कडासुद्धा कारागिराने आरशासारख्या घासल्या होत्या. डोळ्याला भिंग लावून नरहर ते बघायला लागला की त्याला जेवणाचीही शुद्ध राहत नसे. तशी बायको गेल्यापासून ती आठवण करून देणारं घरी कुणी नव्हतंच.

म्हणून त्याने चोरी केली. दर वेळी घड्याळ साफ करायचं, तेल द्यायचं आणि शेवटी लाकडी काडीच्या टोकाने वेगाची दांडी केसभर मंदकडे सरकवायची. घड्याळ परत यायला हवं ना! आणि चोर कसला सचोटीचा, तर धंद्याच्या रितीप्रमाणे झाकणाच्या आत सुईने दुरुस्तीची तारीखही कोरायचा. दोन वर्षांत अकरा तारखा झाल्या होत्या.

काम होईपर्यंत बाई समोरच्या स्टुलावर बसत. जालन्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं. शाळेचं लंबकाचं घड्याळ कसं त्याच सांभाळायच्या, शिपाई त्याला हात लावायला कसा भ्यायचा, हे सांगत. सोबत डब्यात धपाटे असत. "उरले होते," म्हणत.

त्या दिवशी मात्र त्यांच्या गुडघ्याला पट्टी होती.

"काय झालं, बाई?"

"एसटीतून उतरताना पाय घसरला. काही न्हाई तेवढं."

नरहरने हातातला धपाटा डब्यात परत ठेवला. आपल्या हौसेपायी ही बाई दोन वर्षं हेलपाटे घालतेय. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने दांडी अगदी बरोबर जागी लावली, बारावी तारीख कोरली आणि घड्याळ शेवटचं डोळाभर पाहून झाकण लावलं.

"आता न्हाई बिघडायचं. तुम्हाला यायची गरज न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

बाईंनी रुमालाची घडी केली, मग मोडली, पुन्हा केली. डबा तिथेच विसरून गेल्या.

पुढचे दोन महिने नरहरने सेल बदलले. डबा घासून कपाटात ठेवला. दुपारी जालन्याची गाडी लागली की तो उगाच मान वर करायचा. आपल्याला घड्याळाची इतकी सवय लागली, याचं त्याला नवल वाटायचं.

आणि एका सोमवारी बाई दारात उभ्या. गुडघा बरा दिसत होता.

"मागं पडून राह्यलं. रोज तीन मिनिटं."

"असं कसं होईल?" नरहर गोंधळला. या वेळी तर त्याने काहीच केलं नव्हतं.

"मला काय ठाऊक? तुम्हीच बघा." त्या नेहमीच्या स्टुलावर बसल्या आणि दुसराच एक डबा उघडायला लागल्या.

त्याने भिंग चढवलं, झाकण उघडलं. दांडी केसभर मंदकडे सरकलेली होती, नेमकी तो सरकवायचा तिथेच.

त्याने झाकण उजेडात धरलं. त्याच्या बारा तारखांच्या खाली, फळ्यावर लिहावी तशा वळणदार अक्षरात, तेरावी तारीख कोरलेली होती. आजची.