पहिल्या मुलीचं नाव

"आणि पहिली मुलगी झाली, की तिचं नाव बोटिले ठेवायचं. बाकी माझी काही अट नाही," पाहुणी म्हणाली आणि खडीसाखरेचा खडा दातात धरून तिने कॉफीचा घोट घेतला.

सिसेलच्या हातातली किटली तशीच राहिली. नवरदेवाचं अजून तोंडही पाहिलं नाही, आणि ही बाई बारशापर्यंत पोचलीसुद्धा! फ्योर्डच्या खाडीपलीकडून नावेने आली काय, दारातल्या बाकावर टेकून दम खाल्ला काय, आणि आत पाऊल टाकताच लग्नाचं बोलणं काढलं काय. 'येप्पेच्या शेतावरून आलेय,' एवढीच ओळख. नवरदेवाची बहीण असणार, सिसेलने ठरवून टाकलं. एवढा तोरा बहिणीलाच शोभतो.

"बोटिले? हे कसलं हो नाव? आमच्याकडे असली नावं गाईंना असतात."

"मग गाई नशीबवान म्हणायच्या तुमच्याकडच्या." पाहुणी हसली. "माणसांत बघावं तिकडे आना नि मारी. चर्चच्या आवारात एकीला हाक मारली, तर निम्म्या बायका मागे वळतात. बोटिले जुनं नाव आहे, या देशात पाद्री येण्याआधीचं. त्यातलं एक अर्धं म्हणजे इलाज, दुसरं अर्धं म्हणजे लढाई."

"मग आधी काय करायचं? इलाज की लढाई?"

"घरात नवरा असला की दोन्ही एकदमच करावं लागतं."

सिसेललाही हसू फुटलं. तिने केकची बशी पुढे सरकवली. पाहुणीने ती हळूच मागे सारली.

"येप्पेच्या बायकोचं नाव ना ते?"

"हो."

विचारायची गरजच नव्हती. विधुराच्या नव्या संसारातल्या पहिल्या मुलीला गेलेल्या बायकोचं नाव द्यायचं, ही रीत फ्योर्डच्या दोन्ही काठांना सारखीच. पण ती आपल्या पोटच्या पोरीवर येणार म्हटल्यावर सिसेलला रागच आला.

"म्हणजे जन्मभर मी माझ्याच लेकीला सवतीच्या नावाने हाका मारायच्या?"

"मारायच्या. आणि पूर्ण नावाने. बोटी-बिटी मला चालायचं नाही. येप्पेला दोन्ही मुलगेच. तू ते नाव पुढे नेलंस तर नेलंस, नाही तर संपलं."

"पण मीच का?"

"गुरांच्या बाजारात एक कार्टं तुझ्या अंड्यांच्या टोपलीवर पडलं होतं, आठवतंय? आमचा धाकटा लाउस्त तो. तू त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास, आणि ओरडता ओरडता त्याचं नाकही पुसलंस. मी तिथेच ठरवलं. ओरड खुशाल. पोरांवर हात उगारू नकोस, म्हणजे झालं."

भावाच्या घरात सिसेलच्या शब्दाला किंमत नव्हती, वहिनीचे टोमणे मात्र तिन्हीत्रिकाळ होते. तिला स्वतःचं घर हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं. आणि ही बाई तिला आवडली होती. असली नणंद मिळणार असेल, तर सवतीचं नावही गोड मानून घेता येईल.

"येप्पेला माहीत आहे, तुम्ही इथे आलात ते?"

"छे! मोठा रडूबाई आहे तो. आधी घर डोक्यावर घेईल. पण शेवटी माझंच ऐकतो."

"ठेवीन नाव," सिसेल म्हणाली. "आणि पूर्ण नावानेच हाक मारीन. दिला शब्द."

पाहुणीने तिचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. मग टेबलाचा आधार घेऊन ती उठली आणि शाल सावरत दाराशी आली.

तिथे सिसेलला राहवलं नाही. दुखवट्याचं वर्ष उलटायच्या आत लग्न लावलं, तर दोन्ही काठांवरचे लोक तोंडात शेण घालतील. आत्ताच विचारलेलं बरं.

"एक राहिलंच. बोटिलेला जाऊन किती दिवस झाले हो?"

"डॉक्टर म्हणतो, बर्फ पडेपर्यंत काढीन मी," पाहुणी म्हणाली.