मनीचं आजारपण

"मी काय काचेचा आहे?" म्हणत सासऱ्यांनी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पथ्य उडवून लावलं. मोठ्या दुखण्यानंतर त्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती अशी उरलीच नव्हती. विनवण्या करून करून सून पार थकली, आणि शेवटी मनात देवाची क्षमा मागून खोटं बोलली, "बाबा, आपल्या मनीची प्रतिकारशक्ती गेलीय. तिला जपायचं तर हात धुऊनच शिवायचं, आणि आपण गर्दीत जायचं नाही."

सासरे कोपरापर्यंत साबण लावू लागले. पत्त्यांचा अड्डाही सुटला.



आज उकळलेलं पाणी घेऊन ती दाराशी आली, तर आत ते मांजराला दटावत होते, "भवाने, कपाटावर उड्या काय मारतेस? जरा आजारी दिस की! पोर दमलीय माझी, तिला वाटू दे म्हातारा फसला."