काळी कडी
मी माझ्या बिनतारी रेडिओचं बटण दाबून बोलायला लागलो की आईच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्र गोठायचं, म्हणून ताईने त्याच्या नेटवर्कच्या वायरीला लहरी अडवणारी काळी कडी बसवली होती. "ही काढलीस तर माझ्याशी गाठ आहे. आई एकटी उठली की पडते," तिने बजावलं होतं. पण रेडिओवरचा मित्र सारखा कुरकुरायचा, "तुझा आवाज फाटतोय, लहरी माइकच्या वायरीतही शिरतायत." आज तीच कडी काढून मी माइकच्या वायरीला लावली, तेवढ्यापुरती. हेडफोन चढवून, बटण दाबून गप्पा हाणत होतो. समोर स्क्रीनवर आई शांत निजलेली दिसत होती. मग लक्ष गेलं: तिच्या उशाशी चालू असलेल्या पंख्याची पाती मोजता येत होती. बटण सोडलं. पाती गरगरली. पलंग रिकामा होता. हेडफोनमध्ये मित्र खुशीत म्हणाला, "आज तुझा आवाज अगदी स्वच्छ येतोय."