निंबावरचे पाळणे

वारा अजिबात नव्हता, तरी निंबावरचे पाळणे हलत होते.

चिंध्यांचे, वीतभर लांबीचे, नवसाचे पाळणे. ते टांगलेल्या फांदीच्या बरोबर खाली काकासाहेबांच्या गुऱ्हाळाचं चुलवाण होतं, उसाचा रस आटवायची भट्टी. चुलवाणाच्या तोंडाशी कमरेएवढा खड्डा, आणि खड्ड्यात उकिडवा बसून सहादेव उसाचं वाळलं पाचट आत ढकलत होता. या खड्ड्यात बसेल त्याच्या घरी पाळणा हलत नाही, हे सगळ्या प्रवराकाठाला ठाऊक होतं. सहादेवच्या आधीचे दोन्ही गडी बिनलेकराचेच मेले. खड्ड्यात एक बाई आहे म्हणत, बाळंतपणात गेलेली. लोकांची न जन्मलेली लेकरं ती वर जोजवत बसते. खरंखोटं करायला खाली उतरतंय कोण?

मोठ्या दुष्काळाच्या आधलं साल होतं ते. हंगाम सरून गुऱ्हाळ मिटलं की सहादेव चुनाभट्टीवर जाई. आगीची सवय झालेला गडी दुसरीकडे कुठे जाणार? त्याची आई लंकाबाई खड्ड्याला दोष देत नव्हती. खड्ड्यावर घर चालत होतं. दोष सगळा सुनेचा. मनकर्णाचं गाठोडं बांधून निंबाखाली ठेवलं होतं. रसाची काहील उतरून गूळ झाला की गुळाची गाडी नेवाशाला निघणार, आणि त्याच गाडीतून तिची माहेरी पाठवणी. नवी सून बघूनही ठेवली होती.

मनकर्णा वर बघत होती. त्यातले बरेचसे पाळणे तिनंच शिवले होते, दरसाल एक. आपल्या हातची चिंधी कुणीतरी न दिसणारं हलवतंय, हे बघून तिच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात काकासाहेब जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांचा पैदाशीचा बोकड लाडाचा, म्हणून थंडीभर चुलवाणाच्या भिंतीशी उबेला बांधलेला. यंदा एकही शेळी गाभण राहिली नव्हती. डॉक्टरांनी बोकड तपासला. मग भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"काकासाहेब, बोकडात खोट नाही. मादीचं बी पोटातल्या उबेत पिकतं. नराच्या बीला मात्र अंगाची ऊबसुद्धा जास्त होते. म्हणून तर देवानं ते शरीराबाहेर टांगलं. आणि तुम्ही त्याला भट्टीला शेकताय! दोन-तीन महिने सावलीला बांधा, होईल सगळं."

मनकर्णा उठून उभी राहिली. "आन मान्साचं वो, डाक्टर?"

डॉक्टर गोरेमोरे झाले. त्यांची नजर खड्ड्याकडे गेली. "तेच, बाई. माणसाचंही तेच."

पाळणे हलतच होते.

मनकर्णा सासूपुढे गेली. इतक्या वर्षांचा राग होता, पण आवाज चढला नाही. "सवत आनायची आसंल तर खुशाल आना, आत्याबाई. पन आदी तुमच्या लेकाला सावलीला बांधा."

लंकाबाईनं तोंडाला पदर लावला. सहादेवनं हातातलं पाचट टाकलं आणि तो खड्ड्याबाहेर आला. काहिलीवरचा गुळव्या "जाळ, जाळ!" म्हणून ओरडत राहिला, पण खड्ड्यात उतरलं कुणीच नाही. रस निवत गेला, चुलवाणातला जाळ विझत आला, आणि वारा नसताना हलणारे ते पाळणे एकेक करून थांबले.