दुसऱ्या कार्डाची वायर

सप्तापुरातल्या घरचं इंटरनेट बंद पडलं, तेव्हा हेमावतीने गुरुप्रसादला बोलावलं. तिचा धाकटा भाऊ श्रीहरी यंदाच्या पावसाळ्यात वारला. गुरुप्रसाद त्याचा मित्र.

श्रीहरीच्या लिनक्स कॉम्प्युटरसमोर बसून तो म्हणाला, "अक्का, यात दोन नेटवर्क कार्डं आहेत. एक इंटरनेटचं. पण हा कॉम्प्युटर सगळं दुसऱ्याच कार्डातून पाठवतोय. त्याची वायर कुठं जाते?"

"वर, त्याच्या खोलीत. तिथला कॉम्प्युटर तर मी देऊन टाकला."

गुरुप्रसाद वर जाऊन आला. वायरचं टोक भिंतीशी मोकळंच लोंबत होतं. तरी त्याने कॉम्प्युटरवरून ती वायर तपासून पाहिली आणि तो पडद्याजवळ वाकला.

"काय झालं रे?"

"इथून पलीकडे नुसतं 'आहेस का' एवढंच विचारता येतं. कुणी असलं तर 'आहे' असं उत्तर येतं." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "येतंय, अक्का."

हेमावती पदर मुठीत आवळून जवळ सरकली. "अजून एकदा विचार ना."

"नको." त्याने घाईघाईने चालू असलेलं विचारणं बंद केलं. पडद्यावर ओळी उमटतच राहिल्या.

"आता काय येतंय?"

गुरुप्रसादने नवी ओळ वाचली. "आता तिकडून विचारणं येतंय. आहेस का, म्हणून."